किनाऱ्यावर कोण उतरलं?

मुंबई-पुण्याची मंडळी लाँग वीकएंड आला की गाडी काढतात आणि काशीद गाठतात. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मग पूल आणि पुढे काशीद. मीही पाच-सहा वेळा गेलोय. रेवदंड्याला गाडी थांबते ती फक्त शहाळ्यासाठी. तिथल्या शाळेच्या आवारात एक काळा दगडी स्तंभ आहे हे मला पत्ताच नव्हतं. आणि कळलं कुठे, तर अमेरिकेत. हसू नका, सांगतो.

ऑनसाइटला सॅन दिएगोला होतो. रविवारी काय करायचं म्हणून पॉइंट लोमाच्या टोकावर गेलो. तिथे काब्रियो राष्ट्रीय स्मारक आहे. २८ सप्टेंबर १५४२ ला हुआन रॉड्रिगेझ काब्रियो स्पेनच्या राजासाठी जहाजं घेऊन या खाडीत शिरला, त्याची आठवण. १९१३ मध्ये स्मारक जाहीर झालं. उंच कड्यावर दगडी पुतळा, खाली निळा पॅसिफिक, म्युझियम, दीपगृह, सगळं चकाचक. पुतळा पोर्तुगालने दिलेला, कारण काब्रियो आमचाच असं पोर्तुगीजांचं म्हणणं. २०१५ मध्ये एक जुना कोर्टाचा कागद उजेडात आला, त्यात त्याने स्वतःच आपण स्पेनमधल्या पाल्मा देल रिओचे असं सांगितलेलं. घ्या! पुतळा आहे तिथेच उभा आहे.

पण मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. काब्रियोच्या सफरीच्या वृत्तांतात लिहिलंय, की तिथल्या कुमेयाय लोकांनी खुणांनी सांगितलं : आत, दूरवर, तुमच्यासारखेच दाढीवाले लोक फिरताहेत आणि आमच्या माणसांना मारताहेत. रात्री त्यांनी बाण सोडले, तीन खलाशी जखमी झाले. म्हणजे ज्याला आपण 'शोध' म्हणतो, त्याच्या आधीच बातमी किनाऱ्यावर येऊन पोचली होती! पुतळा मात्र उतरणाऱ्याचा. किनाऱ्यावर उभा राहून बघणाऱ्याचा पुतळा कोण करणार?

हॉटेलवर परत आलो आणि सहज शोधायला बसलो, की आपल्याकडे असं कुणी 'पहिलं' उतरलं का? वास्को द गामा सगळ्यांना माहीत असतो. १४९८, केरळमधलं कप्पड, तिथेही दगड आहे. पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १४६९ च्या सुमारास, चौलच्या बंदरात एक रशियन उतरला होता. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. रेवदंड्याचा तो स्तंभ त्याचाच, २००० साली उभारलेला.

या माणसाची गोष्ट ऐकाच. व्होल्गा नदीत त्याचा माल लुटला गेला. डोक्यावर कर्ज, घरी परतायची सोय नाही. फिरत फिरत होर्मुझला पोचला आणि सगळा जुगार एका घोड्यावर लावला. हिंदुस्थानात घोड्याला भाव येतो असं ऐकलेलं. आजच्या भाषेत, शेवटचे पैसे एका स्टार्टअपमध्ये :) चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला, तर तिथल्या सुभेदाराने घोडाच ओढून नेला. मुसलमान हो, मग घोडा परत. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली आणि धर्मही वाचला, घोडाही. चार महिने जुन्नरचा पाऊस आणि चिखल बघून तो बिदरला गेला, तिथे एकदाचा घोडा विकला. परत जाताना दाभोळहून जहाज धरलं, आणि घरी पोचायच्या आधीच स्मोलेन्स्कजवळ वारला.

त्याने ना कुठे झेंडा रोवला, ना कुठली जमीन राजाच्या नावाने केली. मागे ठेवली ती एक वही. त्यात बहमनी राज्यातले सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातली माणसं उघडीनागडी, हे स्वच्छ लिहून ठेवलंय. आपले सण कधी येऊन गेले याचा हिशोब चुकला म्हणून तो कासावीस होतो, मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपास धरतो. आणि वही संपते ती अरबी-फारसी शब्दांनी भरलेल्या प्रार्थनेने. आमच्या कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो, त्यामुळे मला हे वाचून आश्चर्य नाही वाटलं, ओळखीचंच वाटलं.

आता कुणी म्हणेल, एका रशियन घोडेवाल्याचं एवढं काय कौतुक? कौतुक त्याचं नकोच. त्याने आपल्याला कसं पाहिलं, ते आपल्याला कळायला हवं. पाचशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या उघड्या माणसाची नोंद दरबारी बखरकार कशाला करेल? ती केली या कर्जबाजारी परक्याने.

आणि आपण नुसते दगड उभारून मोकळे होतो, यात मीही आलोच. कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे. लहानपणी तिथे कितीदा तरी गेलो, नमस्कार केला. पण ज्या संताजींना औरंगजेबाची फौज टरकून होती, त्यांना १६९७ मध्ये नागोजी माने या मराठी माणसानेच मारलं, हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. नमस्कार शिकवला, गोष्ट सांगितली नाही. गैरसोयीची होती ना!

माझं म्हणणं एवढंच, की काब्रियोसारखा कडा, म्युझियम, पार्किंग यातलं काही नको. किनाऱ्यावरच्या स्मारकाने दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत : जो आला तो कशासाठी आला, आणि जे आधीच इथे होते त्यांना काय वाटलं? चौलला घोडा घेऊन आला, त्यानंतर पोर्तुगीज तोफा घेऊन आले. त्यांच्या कोटाच्या भिंती रेवदंड्यात अजून आहेत, आणि त्यासमोर आपण फोटोही काढतो. घोडेवाल्याच्या स्तंभाशी मात्र कुणी थांबत नाही.

पुढच्या वेळी काशीदला जाल तेव्हा शहाळं पिऊन झालं की पंधरा मिनिटं काढा. शाळेत विचारा, दाखवतील. पोरं बरोबर असतील तर त्यांना घोड्याची गोष्ट सांगा. जुन्नरचा प्रसंग गाळू नका.