खेळाची जागा कोणाची?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात मोडनिंब नावाचे गाव आहे. पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता या गावावरून जातो, आणि कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरही या गावाचे स्थानक आहे. अशा वर्दळीच्या गावी मोकळी जागा फार काळ मोकळी राहणे कठीण असते. कोणी तेथे गाडी उभी करतो, कोणी कडबा रचून ठेवतो, तर कोणी घरबांधणीतून उरलेले दगड व विटांचे तुकडे आणून टाकतो. यांपैकी कोणाच्याही मनात पाप नसते. “जागा रिकामीच तर पडली आहे,” असे जो तो म्हणतो. पण मुलांची खेळाची जागा नाहीशी होते ती अशीच, कोणाच्याही ध्यानात न येता!

मग ही जागा राखावी कोणी? ग्रामपंचायतीने की शाळेने? एखाद्या धनिकाने की पहारेकऱ्याने? मला असे वाटते की, जे त्या जागेवर खेळतात, त्यांनीच ती प्रथम राखली पाहिजे. माझे हे म्हणणे काहींना चमत्कारिक वाटेल. म्हणून त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण असे की, खेळाची जागा एकदा तयार करून कायमची तयार होत नाही. आपल्या सोलापूर भागातील काळ्या मातीचेच उदाहरण घ्या. पावसात ही माती पायांना चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर खो-खो किंवा कबड्डी खेळावयाची असेल, तर तिच्यावर मुरूम पसरावा लागतो, पाणी मारावे लागते आणि रूळ फिरवावा लागतो. एवढे करूनही एका पावसाळ्यात मुरूम वाहून जातो, गवत माजते, खडे वर येतात. फक्कीने आखलेल्या रेषा तर दोन दिवसही टिकत नाहीत. म्हणजे मैदान ही भिंतीसारखी एकदा बांधून सोडण्याची वस्तू नव्हे. ते शेतासारखे आहे. रोज हात लागला तर ते पिकते, नाही तर त्याचे रान होते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. महाराष्ट्रातील तालमी पाहा. तालमीच्या हौदातील तांबडी माती चाळून घेतलेली असते. तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मऊ केलेली असते. परंतु ही माती चार दिवस तशीच पडू दिली, तर ती दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यावर पडणाऱ्याची हाडे शेकून निघतात. म्हणून मल्ल हौदात उतरतात, तेव्हा प्रथम फावड्याने माती उकरतात व सारखी करतात. हे काम करण्यासाठी गडी लावण्याची रीत नाही. माती खणणे हा व्यायामाचाच एक भाग समजला जातो. जो नवशिका मुलगा मातीला हात लावण्याचा कंटाळा करतो, त्याला वस्ताद डाव शिकवील काय?

कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी कुस्त्यांसाठी खासबाग मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. हजारो प्रेक्षकांना बसून कुस्ती पाहता यावी, अशी ती भव्य रचना आहे. राजाने मैदान दिले, ही मोठीच देणगी होय. पण आखाड्यातील माती मऊ ठेवण्याचे काम कोणत्याही राजाला एकदाच करून ठेवता येत नाही. ते प्रत्येक पिढीच्या हातांनाच करावे लागते. “गाव करी ते राव न करी” ही म्हण येथे पुरेपूर पटते.

आता क्षणभर आपण आपल्या उन्हातून फार दूर, युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्वे देशात जाऊ. तेथे हिवाळ्यात रानावनांवर बर्फ साठते. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन लोक त्या बर्फावरून मैलोगणती घसरत जातात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. लहान मुले, आजीआजोबा सर्वच त्यात रमतात. परंतु ताज्या, भुसभुशीत बर्फात पाय रुततात. म्हणून नवे बर्फ पडले की, वाटेवरचे बर्फ दाबून त्यात घसरण्यासाठी चाकोऱ्या पाडाव्या लागतात. हिवाळा येण्यापूर्वी वाटेवरची झुडपे तोडावी लागतात, ओढ्यांवरचे लहान पूल दुरुस्त करावे लागतात. ओस्लो या राजधानीच्या भोवतालच्या वाटा राखणारी संस्था १८८३ साली स्थापन झाली, आणि ती आजही सभासदांच्या वर्गणीचा आधार घेऊन हे काम करते. गावोगावच्या क्रीडामंडळांत तर पुष्कळसे काम लोक वेतन न घेता, आपल्या सवडीच्या वेळी करतात. अशा एकत्र कामाला त्यांच्या भाषेत ‘दुग्नाड’ म्हणतात. २००४ साली नॉर्वेच्या लोकांनी हाच शब्द आपला राष्ट्रीय शब्द म्हणून निवडला!

शब्द परका असला, तरी कल्पना आपल्याला परकी नाही. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट अडली, की शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात जातात, मजुरी न घेता एका दिवसात काम उरकतात आणि त्याच्या घरी जेवून परततात. यालाच आपण इर्जिक म्हणतो. आज ट्रॅक्टर आल्यामुळे इर्जिक दुर्मिळ झाली असेल. पण ती करणारे हात काही नाहीसे झालेले नाहीत. तिकडे बर्फ, इकडे माती. मात्र खेळाची वाट मोकळी राखण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही ग्रामपंचायतीला कर भरतो. मग झाडलोटही आम्हीच करावी काय?” हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मैदानासाठी जागा राखून ठेवणे, तिच्यावर अतिक्रमण होऊ न देणे, पाण्याची सोय करणे ही पंचायतीची कर्तव्ये आहेत आणि ती तिच्याकडून करून घेणे हा नागरिकांचा हक्क आहे. मुलांच्या श्रमांचे निमित्त करून मोठ्यांनी आपली जबाबदारी टाळू नये. परंतु आज सकाळी मैदानात काच पडली, तर ती उचलण्यासाठी पुढच्या सभेची वाट पाहावयाची काय? तोवर एखाद्याचा पाय कापला जाईल. शिवाय ज्या जागेवर रोज मुलांचे हात फिरतात, ती जागा ‘रिकामी’ आहे असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होत नाही. स्वच्छ मैदान हाच मैदानाचा उत्तम पहारेकरी होय.

दुसरा आक्षेप असा की, असा उत्साह म्हणजे नव्याचे नऊ दिवस. हे मात्र पुष्कळदा खरे ठरते. वर्षातून एकदा गाजावाजा करून श्रमदान करावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि मग वर्षभर तिकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही, याला राखण म्हणत नाहीत. त्यापेक्षा खेळण्यापूर्वी प्रत्येकाने ओंजळभर खडे वेचणे अधिक मोलाचे आहे. कामाच्या पाळ्या ठरवाव्यात आणि त्या शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात. काम थोडे असावे, पण ते चुकू नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मैदान सर्वांचे म्हणावयाचे आणि खेळावयाचे मात्र मोठ्या मुलांनीच, असे पुष्कळ ठिकाणी घडते. लहान मुले कडेला उभी राहतात, आणि मुलींना तर झाडलोटीपुरतेच बोलावले जाते. हा उघड अन्याय आहे. तालमीची माती पिढ्यान् पिढ्या मुलांचीच मानली गेली. पण २०२३ साली सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने तो मान मिळविला. मुलींना जागा मिळाली तर त्या काय करू शकतात, हे यावरून दिसते. म्हणून कामाच्या पाळ्या जशा सर्वांच्या, तशा खेळाच्या पाळ्याही सर्वांच्याच असल्या पाहिजेत. जिथे खडे वेचण्याचा हक्क आहे पण धावण्याचा नाही, ते मैदान गावाचे नव्हे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांस जावयाचे होते, परंतु जवळ पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. कुस्त्या खेळून त्यांनी पैसे मिळविले आणि प्राचार्यांचे घर सोडविण्यास हातभार लावला. आपण ज्यांच्या बळावर खेळलो, त्यांचे देणे फेडलेच पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आपण सगळेच काही हेलसिंकीला जाणार नाही. पण ज्या मैदानाने आपल्याला धावावयास शिकविले, त्याचे देणे आपल्यावरही आहे. ते फेडण्यास गहाण टाकावयाचे काहीच नाही. उद्या खेळावयास जाल, तेव्हा खेळ सुरू करण्यापूर्वी खाली वाका आणि पायाखालचा पहिला खडा उचला.