पायाचा आधार कसोटीने घ्यावा

व्यापारी मनुष्याचे सारे लक्ष तराजूकडे असते. ज्या पायांवर तो दिवसभर उभा असतो, त्यांची विचारपूस तो क्वचितच करतो. हाथीखाना बाजारातील पेढ्यांपासून आमच्या अलकापुरीतील घरांपर्यंत मधुमेह आता कोणास नवा राहिलेला नाही. या रोगात कित्येकांच्या पायांची संवेदना मंदावते. खडा बोचला, जोडा चावला, तरी कळत नाही. जखम चिघळते व प्रसंगी पाय गमवावा लागतो. म्हणून जोड्याच्या आत घालावयाच्या, पायाच्या साच्यावरून केलेल्या तळाविषयी, म्हणजे इनसोलविषयी, चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या विद्येचा मोठा भाग आपल्याच देशात, वेल्लोर येथे सिद्ध झाला. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या पायांस जखमा होतात त्या मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिले आणि मऊ, सूक्ष्मछिद्री रबराचे तळ करविले. तत्त्व साधे आहे. पोते सुतळीने उचलले तर हात कापतो, रुंद पट्ट्याने उचलले तर कापत नाही. भार तोच, परंतु तो अधिक जागेवर विभागला जातो.

नमुना पाहिल्यावाचून आपण गव्हाचा सौदा करीत नाही. मग तळ मात्र केवळ ‘बरा वाटतो’ म्हणून का घ्यावा? ज्या पायास वेदनाच कळत नाही, त्याची साक्ष कशी मानावी? प्रथम 10 ग्रॅम दाबास वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासतात. मग जोड्यात दाबमापक पट्टी ठेवून रुग्णास चालवितात. पूर्वी जखम झालेल्या जागेवरील दाब नव्या तळाने निदान 30 टक्के उतरावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. पहिल्या दिवशी तळ तास-दोन तासच वापरून पाय न्याहाळावा. लाली दिसल्यास तळ दुरुस्त करून घ्यावा.

तथापि मुख्य अडचण घरातच आहे. पूर्वी पायास जखम झालेल्या 171 मधुमेही रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेली चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. दाब मोजून सुधारलेले जोडे नियमाने घालणाऱ्यांपैकी दीड वर्षात सुमारे 26 टक्क्यांस पुन्हा जखम झाली; न सुधारलेले जोडे तितक्याच नियमाने घालणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 48 टक्के होते. सर्व रुग्ण एकत्र धरता मात्र निश्चित फरक दिसला नाही, कारण अनेकजण जोडे पुरेसे घालीतच नव्हते. आपल्याकडे तर जोडा उंबऱ्याबाहेरच राहतो!

आमचे स्पष्ट मत असे की, संवेदना गेलेल्या व्यक्तीने घरात वापरण्यासाठी तशाच तळाचा निराळा, स्वच्छ जोड ठेवावा व घरच्यांनी त्यास नावे ठेवू नयेत. मंदिरात जोडा काढावा लागतोच. तेव्हा तापलेल्या फरशीवर चालणे टाळावे व घरी येताच तळवे पाहावेत. आपल्या संस्थेने सभासद, गुमास्ते व हमालबंधू यांच्या पायांची तपासणी दरवर्षी योजावी, आणि ज्यांस ऐपत नाही त्यांच्या तळाचा खर्च सोसावा, अशी आमची नम्र सूचना आहे.