खुंटीवरची किल्ली

नाशिकला तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात माजघरातल्या फडताळाची किल्ली खुंटीला अडकवलेली असे, तांबड्या नाडीत ओवलेली. फडताळात गोडा मसाला, बँकेची पासबुके, आजीची जपमाळ आणि शेवटच्या वर्षात काकांची औषधे. काकांना जठराचा कर्करोग होता. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यायची. ती कोण देई? जो घरात असेल तो. पहाटे काकू, सकाळी वहिनी, दुपारी कॉलेजातून आलेला पुतण्या, रात्री चुलतभाऊ. गोळी दिली की कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहायची, एवढाच नियम. एकेका चौकोनात चार जणांचे अक्षर असायचे.

ते चौकोन आठवायचे कारण म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवात झालेली चर्चा. इथे मिशिगनमध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांनी वैद्यकीय गांजाचे केअरगिव्हर, म्हणजे रुग्णांसाठी झाडे वाढवणारे, म्हणून नोंदणी केली, तर तळघरातल्या एकाच खोलीत दोघांची झाडे लावता येतील का, असे कोणीतरी विचारले. त्यावरून गाडी पुढे गेली आणि भारतातही असाच कायदा हवा, नाशिकच्या रुग्णाला परसात झाड लावू द्यावे, असे बरेच जण म्हणाले. रुग्णाला औषध मिळावे हे मला त्यांच्याइतकेच मनापासून वाटते. पण झाड घरात आणण्याला माझा विरोध आहे.

आधी इथला कायदा. मिशिगनच्या मतदारांनी तो नोव्हेंबर २००८ मध्ये मंजूर केला. एका केअरगिव्हरला जास्तीत जास्त ५ रुग्ण, प्रत्येक रुग्णामागे १२ झाडे, आणि एका रुग्णाला एकच केअरगिव्हर. झाडे बंदिस्त, कुलूपबंद जागेत हवीत आणि त्या जागेत नोंदणी झालेल्या माणसाखेरीज कोणाला शिरता येता कामा नये. या कुलपाचा खरा अर्थ २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितला. ग्रँड रॅपिड्समधल्या एका केअरगिव्हरने गोदाम भाड्याने घेतले होते. त्याचे रुग्ण दोन, म्हणजे त्याला २४ झाडांचा अधिकार. आत सापडली ८८. उरलेली इतर रुग्णांची आणि केअरगिव्हरांची आहेत, आपण त्यांना जागा आणि मदत देतो, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. रुग्णाने ज्याचे नाव दिले असेल, त्या एकाच माणसाच्या ताब्यात ती झाडे असू शकतात. खटल्यात वैद्यकीय बचाव मांडायची मुभा त्याला राहिली, पण नोंदणीमुळे मिळणारे संरक्षण गेले.

तेव्हा त्या दोन भावांना उत्तर सरळ आहे: दोन खोल्या, दोन कुलपे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. कपडे धुवायला तळघरात उतरणाऱ्या बायकोची नोंदणी नसेल, तर तिलाही ते दार उघडता येता कामा नये. मौजेसाठीच्या लागवडीचा २०१८ चा कायदा याहून वेगळा आहे. तो घर मोजतो. घरात प्रौढ माणसे दोन असोत की पाच, झाडे १२च. लोक या दोन कायद्यांची सरमिसळ करतात आणि भलताच हिशेब मांडून बसतात.

आता हे सगळे तिवंध्याच्या वाड्यात नेऊन बघा. आमच्याकडे आजारी माणसाला एक केअरगिव्हर नसतो, सगळे घर असते. खुंटीवरची किल्ली ज्याचा हात पोहोचेल त्याची. हे आमच्या घरांचे मोठे बळ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण फौजदारी कायद्यापुढे तेच घर उघडे पडते. भारतातला अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा एनडीपीएस कायदा लागवडीत झाडांची संख्या बघत नाही. विनापरवाना झाड लावले की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. शिवाय त्यातले २५ वे कलम जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या घरमालकाला धरते आणि ५४ वे कलम ताब्यातल्या वस्तूचा खुलासा आरोपीकडूनच मागते. समाईक परसातल्या झाडाचा खुलासा कोणी करायचा? सातबारावर नाव असलेल्या म्हाताऱ्याने, की रोज पाणी घालणाऱ्या सुनेने? उद्या परवाने आले तरी ते एकेका व्यक्तीच्या नावाचे असणार, आणि ज्याच्या नावाचा परवाना नाही तो प्रत्येक जण रोज आरोपी व्हायच्या बेतात असणार.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, झाडाला खर्च नाही, गरिबाला परवडते. मुद्दा बिनतोड वाटतो, पण घरच्या झाडात कोणते द्रव्य किती, हे कोण मोजणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑल या द्रव्याचे औषध मान्य केले, ते मापून, वजनानुसार मात्रा ठरवून. आकडी येणाऱ्या लेकराला परसातला पाला वाटून द्यायचा धीर मला तरी होणार नाही.

मॉर्फिनचा अनुभव आपल्यासमोर आहे. मंदसौर, नीमचला सरकारच्या परवान्याने अफू पिकत होती आणि नाशिकचा कर्करोगी वेदनेने तळमळत होता, कारण १९८५ च्या याच कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेच्या धाकाला घाबरून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. वेदनाशामक उपचारांचे काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखी माणसे त्यासाठी वर्षानुवर्षे झगडली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, आवश्यक औषधांचा वेगळा वर्ग झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुकर झाले. काकांची गोळी या वाटेने आली. वेदना कोणत्या रोपाने शमते यापेक्षा ते औषध कोणत्या दारातून येते, हे घरच्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे असते. गोळी पाकिटातून आली, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती, म्हणून चार जणांनी ती निर्धास्त दिली. गांजापासूनच्या औषधांनाही हीच वाट हवी. एनडीपीएसच्या ८ व्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी मोकळीक आहे, १० व्या कलमाने लागवडीला परवानगी द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. तेव्हा मागणी करायची तर लागवड परवानाधारक संस्थेने करावी, तपासणी प्रयोगशाळेत व्हावी आणि औषध जिल्हा रुग्णालयातून मिळावे, अशी करू या.

आणि एक गोष्ट आपल्यापैकी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांसाठी. राज्याने दिलेले केअरगिव्हरचे कार्ड केंद्रीय कायद्यापुढे चालत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केले की राज्यात वैध असलेला गांजाचा व्यवहारही नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो. सासऱ्यांच्या संधिवातासाठी मायेने नाव नोंदवाल आणि वर्षानुवर्षे वाट पाहिलेला अर्ज अडकून बसेल. नाव नोंदवायचेच असेल तर घरातल्या नागरिकाने नोंदवावे, तेही वकिलाला विचारून.

येत्या सिंहस्थासाठी आपल्यातले अनेक जण नाशिकला जातील. रामकुंडावर साधूची चिलीम दिसते म्हणून तिथे सगळे चालते, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात भांगेलासुद्धा दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईसाठी इथल्या दुकानातल्या गांजाच्या गोळ्यांचा डबा बॅगेत टाकायचा मोह होईल. मुंबईच्या विमानतळावर तो गांजाची आयातच ठरेल. आईला डॉक्टरांकडे घेऊन जा, जमेल तेवढे दिवस तिच्याजवळ राहा, आणि डबा इथेच ठेवून जा.