गृहभेटीत मुलाला कोण विचारतो?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाले. वाढ हवीच होती. अनाथ, एक पालक गमावलेली, आई-बाप तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेली मुले संस्थेत न जाता घरातच वाढावीत, यासाठी ही योजना आहे. पण ती नीट चालते की नाही, हे ठरवतो कोण? अधिकारी, संस्थेचे कार्यकर्ते, फार तर आई. ज्याच्या नावाने पैसा निघतो ते मूल कोपऱ्यात उभे!

आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने एक मुलगी आली होती. बाप तुरुंगात. गृहभेटीच्या अहवालावर शेरा होता, 'समाधानकारक'. तिला एकटीला बसवून विचारले तेव्हा म्हणाली, "साहेब, पैशाचं ठीक आहे. पण ते आले की दारातूनच बाबांचं नाव घेतात, कशासाठी आलो तेही मोठ्यानं सांगतात. शेजारच्या मैत्रिणी आता येत नाहीत." इतकी वर्षे अशा फाइली चाळूनही हा दोष आमच्या ध्यानात आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

कायदा काय म्हणतो? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३ नुसार आपल्या हिताच्या प्रत्येक प्रक्रियेत आपले म्हणणे मांडण्याचा बालकाला हक्क आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे कलम १२ हेच सांगते. २०१६ च्या आदर्श नियमांनी संस्थेतील ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ या वयोगटांसाठी केवळ मुलांच्याच बालसमित्या सांगितल्या. त्या कितपत चालतात हा वेगळा लेखाचा विषय. पण घरी राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला तेवढेही नाही. कलम ५५ सरकारला स्वतंत्र मूल्यमापनाचा अधिकार देते. त्यात मुलाला विचारलेच पाहिजे अशी सक्ती मात्र नाही.

"पोरांना काय कळते?" असे विचारले जाईल. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांनाच काय कळते, हा युक्तिवाद आमच्या वाचकांना नवा नाही.

खरी अडचण भीतीची आहे. तक्रार केली तर पैसे बंद होतील, ही धास्ती मुलाला असते, आईला त्याहून अधिक. म्हणून विचारणारा माणूस अनुदान मंजूर करणाऱ्या कार्यालयाचा नसावा. आईसमोर नव्हे, वेगळे बसवून विचारावे, आणि मूल नको म्हणाले तर ते ऐकावे. त्याच्या सांगण्यावरून काय बदलले, हे परत येऊन त्याला सांगावे. नाही तर पुढच्या वेळी ते 'सगळं ठीक' एवढेच बोलेल. अठरा पूर्ण करून योजनेबाहेर पडलेल्या तरुणांना मूल्यमापनाच्या समितीत घ्यावे. त्यांचे अनुदान थांबलेलेच असते, त्यांना कोण घाबरवणार?

ती मुलगी आता अठरा पूर्ण झाली आहे. तिचा पत्ता महिला व बालविकास कार्यालयाच्या फाइलीत आहे. पुढच्या मूल्यमापनाचे पत्र तिला पाठवा. साध्या पोस्टाने, बंद पाकिटातून.