एकही सामना न खेळता
या अंकात आम्ही चाहत्यांच्या आठवणींकडे वळलो आहोत, आणि सुरुवात केली आहे अर्नी डेव्हिसपासून. सिरॅक्यूज विद्यापीठाचा हा अमेरिकन फुटबॉलपटू १९६१ मध्ये कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ल्युकेमियाने तो गेला. क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघासाठी एकही सामना त्याला खेळता आला नाही, तरी त्या संघाने त्याचा ४५ क्रमांक पुन्हा कुणालाच दिला नाही! व्यावसायिक लीगच्या झगमगाटात कॉलेजची मैदानं मागे पडत असताना ही माया आम्हाला फार मोलाची वाटते. म्हणून इथे आकडेवारी थोडी, चाहत्यांचं मन अधिक. तुमच्या कॉलेजचा असा कुणी दिवंगत खेळाडू आठवतो का? त्याच्याविषयी आम्हाला जरूर लिहा.