फावल्या वेळचे उद्योग : चंद्रकन्येचा केशभार

चंद्रावरील डागांत आपल्या पूर्वजांस ससा दिसला आणि चंद्रास शशांक, शशधर, शशी अशीं नांवें मिळालीं, हें संस्कृताचें पहिलें पुस्तक वाचलेल्या मुलासहि ठाऊक असतें. अतिथीस देण्यास आपणांजवळ दुसरें कांहीं नाहीं म्हणून ज्यानें स्वतःचा देहच अग्नींत टाकला, त्या सशाची शशजातकांतील कथा बौद्ध ग्रंथांबरोबर पूर्वेकडे गेली, आणि बाराव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या 'कोंजाकु मोनोगातारी' या जपानी कथासंग्रहांतहि ती आढळते. जपानांत आजहि लहान मुलांस चंद्रावरचा ससा दाखवितात. मात्र तेथें तो उखळांत भात कांडून 'मोची' करीत बसलेला असतो. या सशावरून 'त्सुकिनो उसागी', म्हणजे 'चंद्रावरील ससा', असें श्लेषाचें नांव देऊन नाओको ताकेउची या विदुषीनें एक शाळकरी मुलगी निर्माण केली आणि १९९१ सालच्या अखेरीस 'नाकायोशी' नांवाच्या मुलींच्या मासिकांत तिची चित्रकथा क्रमशः देण्यास आरंभ केला. कथेचें नांव 'सेलर मून'. १९९२ च्या मार्चपासून हीच कथा हलत्या चित्रांच्या रूपानें जपानी दूरचित्रवाणीवर दिसूं लागली व तेथून जगभर गेली. असल्या चित्रपटांस 'ॲनिमे' म्हणतात.

या चंद्रकन्येची केशरचना विलक्षण आहे. मस्तकाच्या दोहों अंगांस दोन वाटोळे अंबाडे, आणि प्रत्येक अंबाड्यांतून निघून थेट घोट्याकडे जाणारा केसांचा एकेक लांब झुबका. अंबाड्यांस कथेंतील लोक थट्टेनें 'ओदांगो' म्हणतात. दांगो म्हणजे तांदुळाच्या पिठीचे उकडलेले गोळे. आपल्या उकडीच्या गोळ्यांची आठवण यावी असेच. चित्रकारास केसांचें वजन विचारांत घ्यावें लागत नाहीं, म्हणून कागदावर असले केस सुखानें तरंगतात. परंतु हाडामांसाच्या मुलीनें तो केशभार डोक्यावर घेऊन दिवसभर वावरावयाचें ठरविलें, म्हणजे खरा उद्योग सुरू होतो.

आवडत्या कथेंतील पात्राचा वेष स्वतः शिवून, तो घालून, समानधर्मी मंडळींच्या मेळ्यास जाणें, या छंदास जपानांत 'कॉसप्ले' असें नांव आहे. इंग्रजींतील वेष आणि क्रीडा या अर्थांच्या दोन शब्दांची मोडतोड करून हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनीं १९८३ सालीं एका मासिकांत प्रथम वापरला. तोकियोंतील चित्रकथांचा प्रसिद्ध बाजार १९७५ पासून भरत आला आहे. नागोया शहरीं २००३ पासून या वेषधारकांचें जागतिक संमेलन होऊं लागलें. आणि आपल्याकडे २०११ सालीं दिल्लीस असा मेळा प्रथम भरून पुढें मुंबईसहि भरूं लागला.

इतकी प्रस्तावना करण्याचें कारण आमच्याकडे आलेलें एक पत्र. लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई आहेत. त्यांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या कन्येनें शिष्यवृत्तीच्या पैशांतून पिवळ्या केसांचा टोप व सुट्या झालरी मागविल्या. पुडकें उघडलें त्याच दिवशीं आजोबांनीं 'परक्यांचे मेलेले केस उंबरठ्याच्या आंत नकोत' असें बजावलें. थोरल्या जाऊबाईंनीं 'नाटकी थेर' म्हणून त्यांस दुजोरा दिला. टोप सध्यां गच्चीवरच्या खोलींत पडून आहे. मुलगी वेळेवर पानावर बसते, वाढलेलें जेवते आणि कोणाशीं बोलत नाहीं. मेळ्यास सहा आठवडे उरले आहेत. आजोबा तापट नाहींत, अमरकोश पाठ असलेले आहेत, आणि नातीचें हें मौन त्यांसहि सोसवत नाहीं. पण शब्द मागें कसा घ्यावा हें त्यांस कळत नाहीं, असें त्या लिहितात. वाद पिवळ्या केसांचा दिसला, तरी एक घर महिनाभर मुकें झालें आहे. तेव्हां उत्तर खासगी न देतां येथें देत आहों.

पहिला मुद्दा असा, कीं हे केसच नव्हत. असल्या टोपांचे तंतु बहुधा रासायनिक द्रव्यापासून काढलेले असतात. त्यांपैकीं जपानांतील 'कानेकालोन' हा धागा १९५७ पासून प्रचारांत आहे. सोंवळ्याओंवळ्याचा विचार करावयाचाच तर तो न्हाणीघरांतील प्लॅस्टिकच्या बादलीइतकाच करावा. उलट आपल्या घरोघरच्या पेट्यांत जीं गंगावनें जपून ठेवलेलीं असत, तीं खऱ्या केसांचीं असत, आणि लग्नाकार्यांत तीं माळतांना कोणी शास्त्रार्थ काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. यहुदी धर्मांतील कर्मठ घराण्यांत विवाहित स्त्रिया आपले केस झांकण्यासाठीं टोप घालतात. त्या टोपांचे केस हिंदु देवस्थानांत वाहिलेले असावेत, म्हणून ते वर्ज्य, असा निर्णय २००४ सालीं जेरुसलेमच्या धर्मपंडितांनीं दिला, तेव्हां न्यूयॉर्कांत टोपांच्या होळ्या झाल्या. आणि पुष्कळ जणींनीं मार्ग काढला तो कृत्रिम धाग्याच्या टोपाचा!

नाटकी थेरांविषयीं म्हणावें, तर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ सालीं 'मानापमाना'ची भामिनी होऊन रंगभूमीवर आले, त्यानंतर त्यांच्या वेषभूषेचें अनुकरण घरंदाज स्त्रियाच करूं लागल्या होत्या.

दुसरा मुद्दा सांगावा कीं नाहीं, याचा आम्हीं थोडा विचार केला. आमच्या आजोळीं आलवण नेसणाऱ्या एक आजी होत्या. सतराव्या वर्षीं त्यांचें कुंकू पुसलें गेलें आणि केसहि गेले. आम्ही लहान असतांना न्हावी मागील दारीं येई व मुलांस पुढील ओटीवर पाठवीत. घरांतील सगळ्या मुलींच्या वेण्या मात्र याच आजी घालीत. खोबरेल लावून, भांग सरळ रेषेंत काढून, आगवळ घट्ट बांधून. एकदां एका मावसबहिणीनें आपलें गंगावन गमतीनें त्यांच्या डोक्यावर ठेवलें. त्या रागावल्या नाहींत. त्यांनीं तें दोन्ही हातांनीं उतरवून मांडीवर घेतलें, विंचरलें आणि परत दिलें. विधवांचें केशवपन आम्ही करणार नाहीं, असा निश्चय मुंबईच्या न्हाव्यांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालींच केला होता. आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांस त्यानंतरहि पाऊणशें वर्षें लागलीं. मुलीच्या मस्तकावर काय असावें व काय नसावें, याविषयीं आपल्या घरांनीं निकाल देण्यापूर्वीं थोडें थांबावें, असें आम्हांस वाटतें. हें आमच्या वयाच्या त्या अमरकोशपाठी गृहस्थांस उद्देशून आहे, आणि ते तें समजून घेतील.

आतां कृतीकडे वळूं, कारण सहा आठवडे फार नाहींत.

प्रथम मुलीनें स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या घालून त्या डोक्याभोंवतीं चपट्या बसवाव्या, आंकड्यांनीं घट्ट कराव्या व वर जाळीची टोपी घालावी. मग कपाळ, कानांचा वरचा भाग व मान यांवरून फीत फिरवून माप घ्यावें. प्रौढ मस्तक बहुधा ५४ ते ५८ सेंटिमीटर भरतें. टोपाच्या आंतील रबरी पट्ट्या त्याप्रमाणें सैल वा आंवळ कराव्या. हें माप वेण्या घालण्यापूर्वीं घेतलें तर टोप मेळ्याच्या दिवशीं कपाळावरून वर सरकूं लागतो.

टोप उलटा करून पाहिल्यास त्याची रचना ध्यानांत येते. एका जाळीवर केसांच्या झालरी ओळीनें शिवलेल्या असतात व सर्व केस खालच्या दिशेनें पडावे अशी योजना असते. चंद्रकन्येचे केस मात्र मानेपासून वर ओढून दोहों बाजूंस न्यावयाचे. तसें करतांच मागील भांगांतून जाळी उघडी पडते. म्हणून मागें मधोमध खडूनें रेघ आंखून तिच्या दोन्ही कडांस जादा झालरीची एकेक ओळ, केसांचा रोख बाहेरच्या बाजूस ठेवून, हातशिलाईनें बसवावी. ग्लू गननें चिकटविण्याची चाल आहे, पण शिवलेलें उसवतां येतें आणि चिकटलेलें निघत नाहीं, म्हणून आमचें मत सुईच्या बाजूचें आहे. हें काम टोप थर्मोकोलच्या मस्तकावर टाचण्यांनीं पक्का करूनच करावें.

भरदारपणा नुसते केस वाढवून येत नाहीं. डोकें जड होतें, इतकेंच. माथ्यावरच्या दोन ओळींच्या मध्यें आंखूड झालर दडवावी आणि मुळाशीं केस बारीक फणीनें उलटे विंचरावे. त्यामुळें आंत गुंत्याची गादी तयार होते व वरचा थर तिच्यावर उचललेला राहतो. तो वरचा थर मात्र गुळगुळीत ठेवून त्यावर केस बसविणारा फवारा मारावा.

अंबाडे भरीव केसांचे करूं नयेत. सुमारें ८ सेंटिमीटर व्यासाचे थर्मोकोलचे गोळे घेऊन ते आंतून कोरावे, वर फेव्हिकॉलचे दोन हात द्यावे व वाळल्यावर केसांच्याच रंगानें रंगवावे, म्हणजे कोठें विरळ राहिलें तरी पांढरें टक्कल दिसणार नाहीं. फेव्हिकॉलचा लेप न देतां फवारा मारला किंवा तापलेला गोंद लावला, तर थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. गोळ्यावरून केस ताणून खालीं एकत्र बांधावे व जाळीच्या आंतून जाड कापडाची चकती लावून तिच्यासह गोळा टोपास शिवावा. त्याच चकतीवर लांब झुबक्याचा भार घ्यावा आणि आंतून लहान फण्या बसवून त्या मुलीच्या खऱ्या वेण्यांत रोवाव्या. भार नुसत्या जाळीवर राहिला, तर घटकाभरांत कपाळ दुखूं लागतें. जपानांतील काबुकी नाटकांत हा विचार फार पूर्वींपासून झालेला आहे. तेथें स्त्रियांस १६२९ सालीं रंगभूमी बंद झाली व स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. त्यांचे टोप प्रत्येक नटाच्या डोक्याच्या मापानें ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उभारतात. पत्रा ठोकून केस बसविणारा कारागीर वेगळा, आणि त्यांची रचना करणारा 'तोकोयामा' वेगळा.

केसांच्या टोकांस वळण देणें हें शास्त्राचें काम आहे. आपला केस ओला झाला कीं त्यांतील कांहीं बंध सुटतात व वाळतांना नव्यानें जुळतात. म्हणून रात्रींची वेणी सकाळीं लाटा देते आणि पावसांत त्या मोडतात. कृत्रिम तंतूस पाण्याचें सोयरसुतक नाहीं. त्यास उष्णता लागते. तापला कीं तो मऊ होतो आणि निवतांना ज्या आकारांत असेल तो आकार धरून ठेवतो. झुबक्याचीं टोकें रूळांवर गुंडाळून त्यांवर कढत पाणी सोडावें व पूर्ण गार होईपर्यंत हात लावूं नये. विजेचा चिमटा वापरावयाचा झाल्यास पुडक्यावर दिलेली उष्णतेची मर्यादा वाचून प्रथम एका सुट्या बटेवर परीक्षा घ्यावी; मर्यादा ओलांडली कीं तंतु वितळून त्याची दोरी होते.

कपाळावरील केस सर्वांत शेवटीं व टोप मुलीच्या डोक्यावर असतांनाच कापावे. कात्री उभी धरून टोकें टोकें छाटावीं. टोपाचे केस वाढत नाहींत, हें येथें विसरून चालत नाहीं.

राहिले अलंकार. अंबाड्यांवर दोन लाल वाटोळे मणी आणि कपाळावर मधोमध एक खडा असलेली सोनेरी पट्टी, इतकेंच. ज्या घरांत राखडी, केतकी, मूद हीं नांवें अजून वृद्ध स्त्रियांच्या तोंडीं आहेत, त्या घरास हें काम सोपें जावें. पांच मिलिमीटर जाडीच्या फोम शीटच्या चकत्या कापून गरम हवेच्या झोतानें तापवाव्या आणि लगेच वाटीच्या बुडावर दाबून धराव्या, म्हणजे फुगीर आकार येतो. मग फेव्हिकॉलचे तीनचार पातळ हात, वाळल्यावर तांबडा रंग व त्यावर चमक. सोनेरी पट्टी शेवटीं लावावी. फोम जोडण्याच्या गोंदाची वाफ डोक्यास चढते. तें काम उघड्या गच्चींत करावें, बंद खोलींत नव्हे. टोप डोक्यावर असतांना निरांजनाजवळ किंवा शेगडीजवळ वांकूं नये, कारण वितळलेला तंतु कातडीस चिकटतो.

अभ्यासाचें काय, असें थोरल्या जाऊबाई विचारतील. रविवारचे चार तास व रोजचा एक तास धरला तर सहा आठवड्यांत साठ तास होतात, आणि तितक्यांत हें काम उरकतें. रोजचा तास दूरध्वनियंत्राच्या पडद्यावरून काढावा. तो तेथें विपुल असतो. शिलाई उजेडांत करावी, म्हणून टोप गच्चीवरून माजघराच्या खिडकीशीं आणणें आलेंच. अंबाड्यावर केस ताणतांना दुसरा माणूस गोळा धरण्यास लागतो. आजोबांचे हात स्थिर असल्यास त्यांनींच धरावा आणि धरतां धरतां सशाची गोष्ट सांगावी.

मेळ्याहून परतल्यावर टोप थंड पाण्यांत थोडा शांपू घालून धुवावा, पिळूं नये, सावलींत टांगून वाळवावा व खालून वर विंचरीत यावें. झुबक्यांच्या सैल वेण्या घालून ते जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळावे. अंबाडे दबतात म्हणून पेटींत कोंबूं नये. थर्मोकोलच्या मस्तकावर बसवून कपाटावर ठेवावा आणि त्याचें तोंड भिंतीकडे करावें, नाहीं तर रात्रीं पाणी प्यावयास उठलेलीं लहान मुलें भितात.