गृहविज्ञान : मोडांतला कारागीर

सहा महिन्यांपुढील बाळाची पेज दाट झाली तर तें गिळत नाहीं. पाणी वाढवून पातळ करावी, तर पोट भरतें पण पोषण होत नाहीं. या अडचणीवर मोड आलेल्या नाचणींत एक उत्तम उपाय आहे. तिकडे आम्ही वाचकभगिनींचें लक्ष वेधूं इच्छितों.

धान्यास मोड येतांना त्यांत 'विकर' नांवाचीं प्रथिनें तयार होतात. मोड आलेल्या सातूंतून असें एक विकर १८३३ सालीं पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं प्रथम वेगळें काढिलें. कुलपास किल्ली बसावी तसें तें पिष्टाच्या लांब साखळीस नेमकें बसतें, तिचे तुकडे करितें आणि स्वतः न झिजतां पुढच्या साखळीकडे वळतें. म्हणूनच मोडाच्या पिठाचा एक लहान चमचा वाटीभर दाट पेज कांहीं मिनिटांत सैल करितो. अन्न मात्र तितकेंच राहतें.

परंतु हा कारागीर मोठा मानी आहे. थंडींत तो मंदावतो, उबेंत झपाट्यानें राबतो. पण उकळत्या पेजेंत त्याची घडी एकदां मोडली कीं पुन्हा बसत नाहीं. फार आंबटपणाही त्यास सोसत नाहीं. यास्तव मोडाचें धान्य चांगलें वाळवावें, पण खरपूस भाजूं नये. शिजलेली पेज सुमारें ६० अंश सेल्सियसपर्यंत निवाली म्हणजे पीठ मिसळावें, आणि ती सैल झाल्यावरच जंतुनाशासाठीं पुन्हा एक उकळी द्यावी. ताक घालणें तें त्यानंतर.

मोड आणण्याची रीत आपल्या आजीबाईंनीं राखिली आहे. उकळीची वेळ तेवढी आपण सांभाळावी.